फौरनदादा

अनसूयाने खळीत भिजवलेला काळा कागद खिडकीच्या काचेवर टेकवला आणि तळव्याने मधून कडेला दाबत नेला. वरची एक काच अजून राहिली होती. ती स्टुलावर चढणार तोच अंगणातल्या फाटकाची कडी वाजली. शैलजा वैरागडे आत येत होती. खांद्यावर शाल घट्ट ओढलेली, आणि रिक्षावाल्याला बाहेर थांबवून आल्याची घाई चालण्यात.

सहा वर्षांत ती या क्वार्टरमध्ये कधी आली नव्हती. सदरच्या बाजारात समोरासमोर आल्याच तर दोघी मान हलवत आणि मग एक जण भाजीवाल्याकडे वळे. आज मात्र शैलजा शहराच्या गोरखपुर भागातून मुद्दाम आली होती. अनसूयाने हाताची खळ पदराला पुसली आणि तिला खुर्ची दिली. शैलजा खुर्चीवर न बसता खाली सतरंजीवर बसली.

डिसेंबर एकाहत्तरचे दिवस. लढाई सुरू झाली होती आणि संध्याकाळ झाली की अख्खं जबलपूर दिवे मालवून बसे. दारूगोळ्याच्या फॅक्टरीत पाळ्या वाढल्या होत्या. अनसूया शिलाईच्या सेक्शनमध्ये तोफेच्या दारूच्या पिशव्या शिवायची, आणि घरी आली तरी तिच्या बोटांना त्या जाड कापडाचा वास असायचा. तो आठवड्याचा सुट्टीचा दिवस होता, म्हणून ती सापडली.

शैलजाने आधी इकडचं तिकडचं विचारलं. सुनेत्राचं नर्सिंगचं शिक्षण कसं चाललंय, क्वार्टरच्या छताची गळती थांबली का. मग ती मुद्द्यावर आली. उद्या पाळी सुटल्यावर फॅक्टरीच्या फाटकावर युनियनची सभा होती. तोफगोळ्यांत दारू भरायची जुनी भराईची शेड पुन्हा सुरू करायची असं वरून आलं होतं. युनियनने हो म्हणायचं तेवढं बाकी होतं, आणि युनियनचे अध्यक्ष म्हणजे शैलजाचा नवरा, रत्नाकर वैरागडे, काहीच बोलत नव्हता. हो नाही, नाही पण नाही. माणसं घरी येऊन बसत, चहा पिऊन उठून जात. विधानसभेच्या तिकिटाची नुसती कुणकुण होती तेव्हापासून जे पक्षाचे लोक रोज यायचे, ते आता दोन दिवसांत फिरकले नव्हते. युनियनचा सेक्रेटरी विष्णू भोयर याने शैलजाला गाठून सांगितलं होतं की अनसूयाबाईंना स्टेजवर आणा. त्या दोन शब्द बोलल्या की दादाही मोकळे होतील आणि लोकही.

"काय बोलायचं मी?" अनसूयाने विचारलं.

"एवढंच, की तेव्हा त्यांनी केलं ते बरोबर केलं. आताही करतील ते बरोबर करतील."

"बरोबर केलं, असं मी कधी म्हटलं?"

"नाही म्हटलं." शैलजा सतरंजीचा दोरा बोटाला गुंडाळत राहिली. "पण चूक केलं, असंही तुम्ही कधी म्हटलं नाही, ताई."

ते खरं होतं. अनसूयाने काहीच म्हटलं नव्हतं.

पासष्टच्या सप्टेंबरात, तेव्हाही लढाईच चालू होती, भराईच्या शेडला दुपारी आग लागली. कशी लागली ते शेवटपर्यंत कळलं नाही. शेडला एकच वाट होती. तिच्या तोंडाशी रुळावर सरकणारं लोखंडी दार, आणि दाराबाहेरून एक झाकलेला बोळ सरळ साठ्याच्या कोठारापर्यंत जायचा. आग बोळात शिरली असती तर कोठार गेलं असतं, आणि कोठार गेलं असतं तर पाळीवर असलेली सगळी माणसं आणि पलीकडची कॉलनीही. माणसं धावत बाहेर पडली. दोघं आत राहिले, म्हातारा विठोबा आणि अनसूयाचा नवरा बापू देवतळे. दाराशी रत्नाकर होता. त्याने मागे वळून न बघता दार लावलं आणि फॅक्टरी वाचवली, असं सगळं गाव सांगे.

तेव्हापासून लोक त्याला फौरनदादा म्हणू लागले. कॉलनीचं पाणी तोडलं तेव्हा फौरनदादाने माणसं नेऊन तासाभरात नळ सुरू करून घेतले. जेवणाच्या सुट्टीत संप पुकारला आणि संध्याकाळी जिंकून आणला. तो नगरसेवक झाला. त्याच्याकडे गेलं की काम होतं किंवा होत नाही, पण उत्तर लगेच मिळतं, अशी त्याची ख्याती होती. लोकांना एवढंच हवं असतं.

अनसूयाला नवऱ्याच्या जागी नोकरी मिळाली. ती कामाला जाताना मुद्दाम लांबच्या फाटकाने जायची, रत्नाकर समोर येऊ नये म्हणून. तिने त्याला शाप दिला नाही. पण शिलाईच्या मशिनी एकदम थांबल्या की तिच्या कानात लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज व्हायचा. तो आवाज तिने कधी ऐकलेला नव्हता. त्या दुपारी ती अंगणात तांदूळ निवडत होती. तरी तो यायचा, आणि मशिनी पुन्हा सुरू होईपर्यंत जायचा नाही.

"आमच्या घरी सहा वर्षं झाली दार लागत नाही," शैलजा म्हणाली. इतका वेळ ती शिकवल्यासारखं बोलत होती. आता तिचा आवाज बदलला. "एकही नाही. थंडीत मी उठून लावते, तर ते उठून उघडतात. न्हाणीघराचं दारसुद्धा ते अर्धं ठेवतात. मागच्या माघात मला ताप भरला, छातीत कफ झाला, डॉक्टर म्हणाले वारा लागू देऊ नका. त्या रात्री त्यांनी माझ्यासाठी दार लावलं. आणि सकाळपर्यंत दाराशी कान लावून बसून राहिले. मी विचारलं, काय ऐकून राहिले तुम्ही? तर म्हणाले, काही नाही."

शैलजा उठली. उत्तर मागितलं नाही. जाताना ती अंगणातलं फाटक उघडंच टाकून गेली. रिक्षा वळणावर दिसेनाशी झाल्यावर अनसूया बाहेर आली आणि तिने कडी लावली.

त्याच दुपारी रत्नाकर आला.

सायकलवर आला, एकटा. दार सुनेत्राने उघडलं. ती आत येऊन आईपुढे उभी राहिली.

"वो आए हैं."

"कोण?"

"वही. बाबा का दरवाज़ा."

सुनेत्रा त्याचं नाव घेत नसे. अकरा-बारा वर्षांची होती तेव्हापासून तिने त्याला हेच नाव दिलं होतं. अनसूयाने तिला आतल्या खोलीत जायला सांगितलं. ती स्वयंपाकघराच्या चौकटीपर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली.

रत्नाकर दांडगा माणूस. पण कोट त्याच्या अंगावर दुसऱ्याचा असावा तसा लोंबत होता. तो आत आला, मागे वळून दार पुरतं उघडं केलं, आणि उंबऱ्याजवळच भिंतीला टेकून बसला. थंड वारा सरळ आत येत होता. अनसूयाने चहाचं आधण ठेवलं आणि स्टोव्हपाशी बसून राहिली. सहा वर्षांत दोघांमध्ये नमस्काराखेरीज शब्द झाला नव्हता.

त्याने आधी सांगितलं की शैलजा येऊन गेल्याचं त्याला कळलं. तिने स्टेजवर येऊ नये, हे सांगायला तो आला होता. मग तो शेडबद्दल बोलला. भिंती लिंपल्या होत्या, छप्पर नवं होतं, पण वाट अजून एकच होती. मागच्या भिंतीत दुसरं दार पाडायचं असं सहा वर्षांपूर्वी ठरलं होतं आणि ते तसंच राहिलं होतं. आता ते पाडायला वेळ नाही, असं सगळे म्हणत होते.

"मग नाही म्हणा," अनसूया म्हणाली. "तुम्हाला काय, तुम्ही तर पटकन ठरवता."

हे बोलून झाल्यावर तिलाच आश्चर्य वाटलं. चहा उतू जायला आला होता. तिने स्टोव्ह बारीक केला.

रत्नाकर खाली बघत म्हणाला,

"वहिनी, ते दार मी नाही लावलं."

चौकटीत सुनेत्रा हलली. अनसूया हलली नाही.

त्याने सांगितलं ते तुटक तुटक. मध्येच थांबत होता, पुन्हा मागे जाऊन सांगत होता. आग लागली तेव्हा तो दाराच्या बाहेर होता. माणसं त्याच्या अंगावरून पळाली. त्याने दाराला हात घातला तेव्हा त्याला आत बापू दिसला. बापू विठोबाला पाठीवर घेऊन येत होता आणि विठोबा पेलत नव्हता. जमिनीवरून आग त्यांच्यापुढे दाराकडे सरकत होती. बापू ओरडला, लावा दार. रत्नाकरचा हात दारावर होता. तो लावेना. त्याच्याने होईना. त्याच्या मागून बोळातून लोक ओरडत होते, लावा म्हणून. त्याला ठाऊक होतं मागे काय आहे. पुढेही दिसत होतं. तो नुसता उभा राहिला.

"मग बापूने विठोबाला खाली ठेवलं आणि दाराकडे धावत आला. मला वाटलं येतो बाहेर. मी हात पुढे केला." रत्नाकरने आपला उजवा हात थोडा उचलला आणि पुन्हा मांडीवर ठेवला. "त्याने हाताकडे बघितलं. मागे विठोबाने हाक मारली. बापू मला म्हणाला, दादा, हात काढा, चेंगरेल. मी काढला. आणि त्याने आतून दार ढकललं."

अनसूयाने स्टोव्ह बंद केला.

"धूर हटला, लोक आले, त्यांनी मला उचललं. खांद्यावर घेतलं. म्हणाले, दादांनी दार लावलं, दादांनी वाचवलं. मी नाही म्हणालो नाही. दुसऱ्या दिवशी म्हणीन असं वाटलं. दुसऱ्या दिवशी साहेब लोक आले, हार घातला. मग मला वाटलं, तुम्हाला कळलं की त्याने एक पाऊल टाकलं असतं तर तो बाहेर होता, तर तुम्ही कशा जगाल. त्यापेक्षा माझ्यावर राग धरलेला बरा." तो थांबला. "हे मी स्वतःला सांगत आलो. खरं किती आणि सोयीचं किती, मला आता समजत नाही. पण त्या दिवसानंतर जे जे ठरवलं, ते दार लावणाऱ्या माणसाच्या नावावर ठरवलं. लोक माझ्याकडे बघायचे आणि मी म्हणून टाकायचो, हो. नाही. चला. विचार करायला थांबलो तर त्यांना दिसेल, असं वाटायचं."

अनसूयाने चहा गाळला. कप त्याच्यापुढे ठेवला. दुसरा कप भरायला घेतला आणि तो तसाच रिकामा खाली ठेवला.

"ते बाहेर येऊ शकत होते," ती म्हणाली.

"हो."

"आणि तुम्ही थांबले होते."

रत्नाकरने मान खाली घातली. त्याला तो आरोप वाटला. "थांबलो होतो. चूक झाली. बापूने लावलं नसतं तर कोणीच राहिलं नसतं."

"मी ते नाही विचारून राहिले." अनसूयाचा आवाज शांत होता, पण ती धाप लागल्यासारखी बोलत होती. "मला सहा वर्षं वाटलं, त्यांच्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. पाठ फिरवली आणि लावून टाकलं. तुम्ही बघत होते?"

"बघत होतो."

"घाबरले होते का ते?"

रत्नाकरला या प्रश्नाची कल्पना नव्हती. त्याने डोळे मिटले. तो चेहरा त्याला शोधावा लागला नाही.

"नाही," तो म्हणाला. "घाईत होता. पाळीला उशीर झाला की असायचा ना, तसा."

अनसूयाने पदर तोंडाला लावला. रडली नाही. रत्नाकरचा चहा निवला. त्याने तो तसाच निवलेला पिऊन टाकला, कप मोरीत नेऊन विसळला आणि नमस्कार करून निघून गेला.

त्या दिवशी सुनेत्रा जेवली नाही. आईने दोनदा हाक मारली. शेवटी ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "बाबा आ सकते थे. हम दोनों यहाँ थे, और वो आ सकते थे." अनसूया तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. ती स्वतःही तोच विचार करत होती.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर फाटकासमोर माणूस मावत नव्हता. ट्रकवर स्टेज केलं होतं, लाऊडस्पीकर लावले होते. विष्णू भोयर आधी बोलला. तरणाबांड, घसा बसलेला, लोकांना हसवणारा आणि मध्येच डोळ्यांत पाणी आणणारा. त्याचा सख्खा भाऊ फौजेत होता, सरहद्दीवर, आणि हे त्याने सांगितलं नाही तरी सगळ्यांना माहीत होतं. तिकडे पोरं तोफगोळ्यांची वाट बघत आहेत आणि इकडे आपण एका दाराची चर्चा करतो आहोत, असं तो म्हणाला. त्यात खोटं काहीच नव्हतं. अनसूया शिलाईच्या बायकांमध्ये उभी होती. तिलाही ते पटलं.

मग रत्नाकर उठला. फौरनदादाचा जयजयकार झाला. गजर थांबेपर्यंत तो माईकसमोर उभा राहिला. दुसरं दार आधी पाडू, चार दिवस लागतील, मग मी स्वतः पहिल्या पाळीला आत जाईन, असं त्याने हिंदीत सांगितलं. लोक कुजबुजू लागले. कोणीतरी ओरडलं की चार दिवसांत लढाई संपेल. रत्नाकरने घसा साफ केला.

"उस दिन दरवाज़ा मैंने बंद नहीं किया था," तो म्हणाला. "मैं खड़ा रह गया था. बंद किया बापू देवतळे ने. अंदर से."

एकदम शांतता झाली. लाऊडस्पीकरची घरघर ऐकू येत होती. अनसूयाला वाटलं, आता काहीतरी होईल. माणसं टोप्या काढतील, निदान कोणी बापूचं नाव घेईल. मागून कोणीतरी हसलं. मग आणखी काही जण हसले. दादा, आता हा किस्सा कशाला, असं एकाने विचारलं. ट्रकवर विष्णू पुढे झाला आणि त्याने प्रेमाने दादांच्या खांद्यावर हात ठेवला. दादा थकले आहेत, सहा वर्षं त्यांनी आपलं ओझं वाहिलं, असं तो म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

अनसूयाच्या शेजारी शकु होती, तिच्याच मशिनीच्या रांगेतली.

"आता भीती वाटून राहिली त्याला," शकु म्हणाली, "म्हणून मेलेल्याच्या नावावर टाकून राहिला."

"खरं आहे ते," अनसूया म्हणाली.

शकुने तिच्याकडे वळून बघितलं. तिच्या नजरेत दया होती.

"तुला काय माहीत, बाई? तू कुठं होती तिथं?"

अनसूया तिथे नव्हती हे खरंच होतं.

लोकांनी तिथेच रत्नाकरला उतरवून नवा अध्यक्ष आवाजानेच निवडला. विष्णू भोयरच्या नावाचा गजर इतका झाला की विरोधात कोणी होतं की नाही ते ऐकूच आलं नाही. शेड दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झाली. आणि त्या आठवड्यातच सदरपासून गोरखपुरपर्यंत रत्नाकरचं नाव बदललं. लोक त्याला रुको-दादा म्हणू लागले. दाराची गोष्ट मात्र होती तशीच राहिली. तेव्हा काय छातीचा माणूस होता, एका क्षणात दार लावलं त्याने, आणि आता बघा, असं लोक सांगत आणि हळहळत.

रत्नाकर पदावर नाही म्हटल्यावर त्याला मशिनीवर परत जावं लागणार होतं. त्याने भराईच्या शेडची पाळी मागून घेतली. तिथे त्याच्या जोगं काम नव्हतं. तो दाराशी स्टूल टाकून बसू लागला, पाय दाराच्या रुळावर ठेवून. फोरमनने दोनदा हटकलं, मग सोडून दिलं. म्हाताऱ्या पुढाऱ्याचा मान म्हणून म्हणा किंवा कीव म्हणून म्हणा. शिलाईच्या सेक्शनमधून पिशव्यांचे गठ्ठे शेडपर्यंत पोचवायला बायका जात. एकदा अनसूया गेली. तिने बघितलं, आत जाणारे त्याच्याकडे न बघता जात होते, आणि बाहेर येणारे त्याच्याकडे बघत येत होते.

तो तिला बघून उठला नाही. रुळावरचा पाय तेवढा जरा आवरून घेतला, तिला वाट मिळावी म्हणून.

विष्णू रोज चक्कर मारायचा. सगळ्यांशी हसून बोलायचा, किती माल झाला ते मोठ्याने विचारायचा. शकुने सांगितलं की एक दिवस तो दाराशी थांबला, खाली वाकून रत्नाकरशी काहीतरी हळू बोलला, आणि बराच वेळ तिथेच उकिडवा बसला. दुसऱ्या दिवशी दोन गवंडी आले. त्यांनी मागच्या भिंतीवर खडूने दाराएवढी चौकट आखली. काम पुढे सुरू झालं नाही.

आणि काहीही झालं नाही. ठिणगीसुद्धा पडली नाही. शेड दिवसरात्र चालली, माल रोज गाडीवर चढला, आणि जो तो म्हणू लागला की बघा, उगाच घाबरवत होते.

एका संध्याकाळी, पाळी सुटण्याच्या सुमारास, कॅन्टीनच्या रेडिओभोवती गर्दी झाली आणि तिथून एक आरोळी उठली, ती सेक्शनमागून सेक्शन पसरत गेली. ढाक्यात शत्रूने शस्त्रं खाली ठेवली होती. लढाई संपली होती. भोंगा वाजला तो थांबेचना. माणसं मशिनी सोडून पळाली. फाटकाबाहेर कोणीतरी ढोलक आणलं, कोणीतरी गुलाल. विष्णूला लोकांनी खांद्यावर उचललं. तो रडत होता आणि हसत होता, भावाचं नाव घेत होता.

बायकांच्या घोळक्यातून अनसूयाही बाहेर आली. तिच्या कपाळाला शकुने गुलाल फासला. फाटकातून माणसांचा लोंढा येतच होता. भराईच्या शेडचे लोकही आले, हात वर करून नाचत. अनसूया एकेकाचा चेहरा बघत फाटकाच्या खांबाशी उभी राहिली.

"चल ना," शकु म्हणाली. "काहून उभी राहिली?"

"तुम्ही व्हा पुढे."

लोंढा ओसरला. मिरवणूक सदरच्या रस्त्याला लागली आणि ढोलकाचा आवाज लांब गेला. अंधार पडत होता. सुनेत्रा शाल घेऊन आईला शोधत आली. तिनेही गुलाल लावला होता, केसांपर्यंत.

"आई, चलो. सब निकल गए."

अनसूयाने मान हलवली. आतला लांब रस्ता रिकामा होता. शिपाई फाटकाचा एक पल्ला ओढत आला, दुसऱ्यालाही त्याने हात घातला. त्यालाही मिरवणुकीत जायचं होतं.

"बाई, अब अंदर कोई नहीं है. गेट लगाना है."

"एक जण आहे अजून," अनसूया म्हणाली. "शेवटचा निघाल्याशिवाय ते निघणार नाहीत. थोडं थांबा, भैया."

शिपायाने आत बघितलं. त्याला कोणी दिसलं नाही. त्याने खांदे उडवले आणि पल्ला पुढे ढकलला.

सुनेत्राने आईच्या खांद्यावर शाल टाकली. मग ती पुढे झाली आणि फाटकाच्या दोन पल्ल्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली.